पायाळू, जेसीबी आणि गुप्तधनाचा मेसेज

"शेतात निघालं ते शेतकऱ्याचं. दगडांच्या रिंगणाखाली सोन्याचा हंडा असतो. जुनी नाणी ऑनलाइन विका. सरकारला कळवलं तर सगळं जाईल." हा मेसेज सध्या नागपुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. काटोल रोडकडे शेत असलेल्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "जेसीबीवाल्याशी बोलू का?"

मामा, अजिबात नाही!

नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरीची ती दगडांची रिंगणं म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. उत्खननात निघालं काय, तर लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, काळी-तांबडी मडकी, माणसाची नि घोड्याची हाडं. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साजही मिळाला. मेसेजवाला म्हणतो, पायाळू माणूस रिंगणात उभा करा, हंडा कुठे ते त्याला कळतं. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून माणसाला जमिनीखालचं दिसायला लागतं होय? तो साज घोड्याच्या तोंडावरचा, हे कळलं कारण माती हलक्या हाताने, थराथराने काढली. जेसीबीच्या एका बकेटमध्ये हाडं, खापरं, तांबं एकत्र कालवलं की संपलं. भंगारवालाही त्या गंजक्या लोखंडाला हात लावणार नाही. वर, जुनापाणीसारख्या संरक्षित जागी खोदलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"शेतात निघालं ते आपलं" यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. १८७८ चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. जुना वारस कोणी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर चारपैकी तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. हा भाव कंजूषच, पण "सगळं जाईल" हे खोटं. लपवलंत तर मात्र हिस्साही जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

ऑनलाइन विक्रीचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा धंदा १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशी पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. आणि जुन्या नाण्यांचे लाखो मिळवून देतो म्हणत आधी फी मागणारे? रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच त्यांच्यापासून सावध केलंय.