'एगकॉर्न' हे 'एकॉर्न'चं जुनं रूप नव्हे

ओकच्या फळाला इंग्रजीत आधी 'एगकॉर्न' म्हणत, त्याचंच पुढे 'एकॉर्न' झालं, असं सांगितलं जातं. हे उलटं आहे. जुन्या इंग्रजीतला शब्द 'एकर्न'. त्याला 'कॉर्न' म्हणजे दाण्याचं शेपूट लोकांनीच नंतर जोडलं. (ती चूक सगळ्यांनी स्वीकारली, म्हणून तिला लोकव्युत्पत्ती म्हणायचं!) 'एगकॉर्न' हा 'एकॉर्न' ऐकताना झालेला घोळ. २००३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी तो नोंदवला आणि अशा सगळ्याच चुकांना तेच नाव द्यावं, असं दुसरे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी सुचवलं. मात्र चुकीला 'एगकॉर्न' म्हणायचं तर उच्चार मूळ शब्दाच्या जवळचा हवा आणि चुकीच्या रूपातूनही अर्थ लागायला हवा. 'अल्झायमर्स डिसीज'चं 'ओल्ड-टायमर्स डिसीज' चपखल बसतं, कारण आजार बहुधा म्हातारपणातलाच. अर्थाचा पार विचका झाला, तर तो मॅलाप्रॉपिझम.