चालू गाडीच्या चेनला हात लावू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

ताईने परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'मेस्त्री तुम्हाला हे सांगणार नाही! लूज चेनवर पाच मिनिटांत घरगुती उपाय.' उपाय असे: मोटरसायकल मेन स्टँडवर घ्या, इंजिन चालू करून पहिला गिअर टाका आणि फिरत्या चेनवर फडकं धरून ती पुसून काढा. डिझेलने धुवा. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑईल चेनवर सोडा. मग चेन इतकी ताणा की बोटाने हलता कामा नये. तरीही लूज राहिली तर एक कडी काढा. पुरावा म्हणून खाली पाण्यात आणि चिखलात चालणाऱ्या आठ चाकांच्या विदेशी गाडीचा व्हिडिओ, 'यांच्या चेनसुद्धा अशाच टाईट असतात' म्हणून.

भाचा रोज पहाटे येळ्ळूरहून बेळगावात वडगाव-शहापूरला दूध घालायला येतो. रोपलागणीच्या चिखलाने जाम होतं म्हणून त्याने चेन कव्हर काढून ठेवलंय. रविवारी तो हे सगळं करून बघणार होता. खानापूर-निपाणीकडच्या ओळखीच्यांकडूनही हाच मेसेज आला, तेव्हा गप्प बसवेना.

सगळ्यात आधी ते फडकं. हा उपाय नाही, बोट तुटायची वाट आहे. पहिल्या गिअरमध्ये नुसत्या आयडलिंगलाही सेकंदाला वीतभराहून जास्त चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकाच्या, दातांत शिरते. फडक्याचा एक धागा कडीत अडकला की फडकं ओढलं जातं, आणि फडक्याबरोबर हात. 'लगेच सोडून देईन' असं वाटतं, पण तेवढा वेळच मिळत नाही. बोट मध्ये आलं म्हणून इंजिन थांबत नाही, गिअरमुळे त्याचा जोर कितीतरी पट झालेला असतो. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला हे ठाऊक नसेल तर त्याने लिहायलाच नको होतं. ठाऊक असूनही लिहिला असेल तर मला राग आवरत नाही. चेन पुसायची तर इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने आणि उलटं फिरवायचं, म्हणजे खालची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते. आणि फडक्याऐवजी लांब दांड्याचा ब्रश घ्यायचा. पोरं जवळ असतील तर त्यांना आधी लांब करायचं, कारण फिरणाऱ्या चाकात बोट घालायची त्यांना फार हौस.

आता 'हलता कामा नये'. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडा. भाच्याच्या गाडीच्या पुस्तिकेत खालच्या चेनच्या मधोमध वर-खाली 20 ते 30 मिमी ढील ठेवा असं स्पष्ट छापलंय. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पण शून्य कुठेही नसतो. कारण साधं आहे. मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) खड्ड्यात वर-खाली होतो, तसं दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. रिकाम्या गाडीवर तारेसारखी ताणलेली चेन दुधाचे कॅन लादल्यावर आणखी ताणली जाते. तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो, नाहीतर चेनच तुटते. तुटलेली चेन गोळा होऊन मागचं चाक जाम करू शकते. मोजताना चाक फिरवत राहा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप धरा, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे अॅडजस्टर सारख्याच खुणेवर आणा.

कडी काढण्याने रोग तसाच राहतो. चेन लांबते म्हणजे पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना आणि बुश (पिनांभोवतीच्या नळ्या) झिजतात. आपल्याकडच्या बहुतेक 100-125 सीसी गाड्यांना 428 नंबरची चेन असते, तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी. प्रत्येक सांध्यात नुसती 0.1 मिमी झीज धरली तरी शंभर सांध्यांत चेन 10 मिमी लांबते. कड्या कमी केल्या तरी उरलेला प्रत्येक सांधा झिजलेलाच, तो दातांवर नीट बसत नाही आणि स्प्रॉकेट खातो. अॅडजस्टर शेवटच्या खुणेला टेकला की पूर्ण चेनकिट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, बदलायचं. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, जुने दात नव्या चेनला लवकर खातात.

जळक्या ऑईलचं थोडं खरं आहे. कोरड्या, गंजलेल्या चेनपेक्षा ते बरं, एवढं कबूल. पण त्यात काजळी आणि इंजिनच्या झिजेचे कण असतात, शिवाय पातळ असल्यामुळे ते टायरवर उडतं. 90 नंबर गिअर ऑईल लावा आणि जादाचं पुसून घ्या. डिझेलने साध्या चेनचा चिखल निघतो, तेही मान्य, पण धुऊन तशीच सोडली तर पावसाळ्यात लगेच गंजते.

राहिली ती आठ चाकांची गाडी. तिच्या चेन बॉडीच्या आत, दोन्ही बाजूंनी असतात. तिला आपल्यासारखा चिमटा नाही, एक्सल बॉडीला पक्के बसवलेले आणि हादरे झेलतात ते कमी हवेचे फुगीर टायर. अंतर बदलतच नाही, म्हणून तिथे चेनची ढील टेन्शनर लावून काढतात. आपल्या मोटरसायकलचं मागचं चाक प्रत्येक खड्ड्याला जागा बदलतं. तो व्हिडिओ आपल्या गाडीला लागूच होत नाही.