‘आई खंबीर असेल तर…’ या फॉरवर्डला एका बापाचं उत्तर

गेल्या आठवड्यात मामांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या आणि कंपनीच्या ग्रुपवरही फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: सिस्टिक फायब्रोसिस मुलाला आईकडून येतो, आई खंबीर असली की तिला डिप्रेशन येत नाही, अशा मुलांना एकत्र खेळवा, दुःख हलकं होतं, मनाच्या गोळ्यांच्या नादी लागू नका.

माझ्या सात वर्षांच्या मुलीला हा आजार आहे. सिस्टिक फायब्रोसिस, थोडक्यात सीएफ, म्हणजे फुफ्फुसांत आणि पचनमार्गात घट्ट, चिकट स्राव साचत राहणारा जन्मजात आजार. मामा, तुम्ही काळजीपोटीच पाठवलंत, पण गप्प बसवत नाही.

“आईकडून येतो.” सीएफटीआर या जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाप, दोघांकडून आली तरच हा आजार होतो. एकच प्रत असणाऱ्याला सहसा काही त्रास नसतो, म्हणून आधी कुणाला पत्ताच लागत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक. तरी निदान झालं त्या वर्षी, हळदीकुंकवापासून बारशापर्यंत, “तुझ्या माहेरी कुणाला होतं का गं?” हे माझ्या बायकोलाच विचारलं गेलं. मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

“खंबीर आईला डिप्रेशन येत नाही.” अमेरिका, तुर्कस्तान आणि युरोपातले सात असे नऊ देश, सीएफ असलेल्या मुलांचे चार हजारांहून जास्त पालक, ही पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्याची लक्षणं ३७ टक्के आयांमध्ये आणि ३१ टक्के बापांमध्ये आढळली. चिंतेची ४८ आणि ३६ टक्क्यांमध्ये. हे सगळे काय लेचेपेचे होते?

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरात दिवस साडेपाचला नेब्युलायझरच्या घरघरीने उजाडतो. मग छाती थोपटायची, प्रत्येक खाण्याबरोबर पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मोजून द्यायच्या, एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे मीठ जातं म्हणून ते वरून द्यायचं, आणि रात्री पुन्हा नेब्युलायझर. खोकल्याचा आवाज जरा बदलला की दोघांची झोप गेली. “किती खंबीर गं तू!” म्हटलं की बायको पुढचं बोलायचीच थांबते. आणि मी? पहिलं वर्षभर अंबडहून शिफ्ट संपवून आलो की पार्किंगमध्ये गाडीवर वीस-वीस मिनिटं बसून राहायचो. वर जाववत नसे.

त्याच पाहणीत आई किंवा बापात ही लक्षणं असली, तर किशोरवयीन मुलांतही ती असण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. म्हणून तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या सीएफ संस्थांनी २०१६ मध्ये सांगितलं की दरवर्षी निदान एका पालकाला तरी मनाच्या तपासणीबद्दल विचारा. नऊ आणि सात प्रश्नांच्या दोन प्रश्नावल्या, बस.

“अशा मुलांना एकत्र खेळवा.” हा सल्ला सगळ्यांत घातक. सीएफ असलेली मुलं स्युडोमोनाससारखे हट्टी जंतू एकमेकांना देऊ शकतात, म्हणून त्यांनी एकमेकांपासून किमान सहा फूट लांब राहायचं असतं. ज्या घरांना आमचं दुखणं न सांगता कळतं, त्यांच्या मुलांना माझी मुलगी एका सतरंजीवर बसून भेटू शकत नाही. आम्ही मोठी माणसं रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर बोलतो. बरं वाटतं, पण मुलीला हे समजावताना माझी जीभ जड होते.

“गोळ्यांच्या नादी लागू नका.” गोळी सगळ्यांना लागतच नाही, पुष्कळदा समुपदेशनाने भागतं. लागली तर डॉक्टर ठरवतील, फॉरवर्ड नाही. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर मनाच्या आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

मामा, रविवारी सकाळी या. छाती कशी थोपटायची ते शिकवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढ्या वेळात बायको गच्चीवर एकटी चहा पिऊन येईल. सर्दी झाली असेल तर मात्र पुढच्या रविवारी या.