‘वॉर्निंग बंदच करून टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ग्रुपाग्रुपांत फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘अ‍ॅप उघडताना येणाऱ्या वॉर्निंग म्हणजे अ‍ॅपल-मायक्रोसॉफ्टचा पैसे उकळायचा धंदा. “डॅमेज्ड” ही शुद्ध थाप. मॅकवर गेटकीपर आणि विंडोजवर स्मार्टस्क्रीन बंद करा. डिजिटल सही असेल तर डोळे झाकून चालवा.’ (गेटकीपर आणि स्मार्टस्क्रीन म्हणजे उतरवलेलं अ‍ॅप उघडण्याआधी तपासणारे पहारेकरी. डिजिटल सही म्हणजे अ‍ॅप कोणाचं आहे आणि नंतर बदललेलं नाही, हे दाखवणारी खूण.)

‘पैसे उकळायचा धंदा.’ यात चिमूटभर तथ्य आहे. अ‍ॅपलला मान्य असलेली सही हवी तर डेव्हलपर म्हणून वर्षाला ९९ डॉलर. फुकट अ‍ॅप वाटणाऱ्या एकट्यादुकट्याला ते जडच. तेव्हा वॉर्निंग आलेलं प्रत्येक अ‍ॅप वाईट नसतं, कबूल. पण वॉर्निंग तरी कुठे तसं म्हणते? हे कोणी बनवलंय याची मला खात्री नाही, एवढंच तिचं म्हणणं.

‘“डॅमेज्ड” ही थाप.’ मॅक कधीकधी ‘अ‍ॅप डॅमेज्ड आहे’, म्हणजे खराब झालंय, असं सांगतो. बरेचदा फाइल धडधाकट असते, हे खरं. ब्राउझर डाउनलोडवर क्वारंटाइनची, म्हणजे ‘हे बाहेरून आलंय’ अशी खूण लावतो आणि अ‍ॅपची सही मोडलेली असली की मॅक हा मजकूर दाखवतो. पण डाउनलोड अर्धवट झालं किंवा वाटेत कोणी फाइल बदलली, तरीही सही मोडते, आणि मजकूर तोच! म्हणून आधी मूळ साइटवरून पुन्हा उतरवून घ्या. तिथे एसएचए-२५६ चा आकडा (फाइलच्या बोटाच्या ठशासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ) दिला असेल तर ताडून बघा.

‘सगळंच बंद करा.’ इथे माझं डोकं फिरतं. एका पाहुण्याला आत घ्यायचं म्हणून कोणी दाराची बिजागरी काढत नाही. परवा शेजारच्या काकूंना मराठी टायपिंगचं एक छोटं अ‍ॅप हवं होतं, तर त्यांच्या विंडोजवर समोर स्मार्टस्क्रीनची निळी चौकट. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी ‘अनब्लॉक’वर टिक, ओके. झालं, आणि तेही त्या एकाच फाइलपुरतं. मॅकवर २०२४ च्या सिक्वोया या आवृत्तीपासून कंट्रोल दाबून क्लिक करत अ‍ॅप उघडायची पळवाट बंद झाली. आता एकदा उघडून बघायचं, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन ‘ओपन एनीवे’. (इतकं खोल पुरून ठेवायची गरज होती का, हा माझाही प्रश्न आहे.)

‘सही आहे ना, मग झालं.’ सही असली म्हणजे सगळं सही नसतं. २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या कंपनीचं फोन अ‍ॅप मालवेअरने बाधित निघालं. त्यावर कंपनीची स्वतःची सही होती आणि मॅकची प्रत अ‍ॅपलने नोटराइझही केलेली, म्हणजे तपासून शिक्का मारलेली होती. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट अ‍ॅपच्या अधिकृत साइटवरच केरेंजर हे खंडणीखोर मालवेअर घुसवलेली प्रत ठेवली गेली. सही वैध, त्यामुळे गेटकीपरने निमूट वाट दिली. अ‍ॅपलने त्या सहीमागचं सर्टिफिकेट रद्द केल्यावर मात्र तीच प्रत उघडताना ‘विल डॅमेज युअर कॉम्प्युटर’ असा मजकूर येऊ लागला. ‘डॅमेज्ड’ आणि ‘विल डॅमेज’ घाईत सारखेच वाटतात. दुसरा दिसला तर ‘ओपन एनीवे’ शोधत बसू नका, फाइल थेट ट्रॅशमध्ये टाका.