जॉर्जियानं रे चार्ल्सवर बंदी घातलीच नव्हती

जुन्या गाण्यांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी अमेरिकन गायक-पियानोवादक रे चार्ल्सबद्दल एक ढकलपत्र फिरून येतं. सोबत सिनेमातली क्लिप आणि जोडलेल्या हातांची रांग. मजकूर साधारण असा: 'जन्मांध रे चार्ल्स कुणाकडेही न शिकता पियानोचा बादशहा झाला. 1961 मध्ये वर्णभेदाला नकार दिला म्हणून जॉर्जिया राज्यानं त्याच्यावर आजन्म बंदी घातली. 1979 मध्ये राज्यानं माफी मागून बंदी उठवली आणि त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं राज्यगीत केलं.'

वाचून गहिवर येतो, कबूल. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान कुठे ना कुठे घसरतं.

'जन्मांध' आधी निकालात काढू. रे चार्ल्स रॉबिन्सनचा जन्म 23 सप्टेंबर 1930 चा, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीचा. वाढला शेजारच्या फ्लोरिडात, ग्रीनव्हिल नावाच्या लहानशा गावात. चौथ्या-पाचव्या वर्षी नजर अधू व्हायला लागली आणि सातव्या वर्षापर्यंत ती पूर्ण गेली. धाकटा भाऊ जॉर्ज कपडे धुण्याच्या टबात बुडाला, ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

'कुणाकडेही न शिकता' हे मात्र मला जास्त खटकतं. दिसत नाही म्हणजे जे काही आलं ते वरून, दैवी, असं आपण चटकन धरून चालतो. त्यात माणसाची मेहनत नाहीशी होते. ग्रीनव्हिलला रेड विंग कॅफे होता. तिथं वायली पिटमन बुगी-वुगी ही ठेकेबाज पियानोशैली वाजवायचा आणि या पोराला शेजारी बसवून पट्ट्यांवर बोटं ठेवायला शिकवायचा. नंतर 1937 ते 1945 सेंट ऑगस्टिनची मूकबधिर आणि अंध मुलांची सरकारी शाळा. तिथं बाख, मोझार्ट, बेथोव्हन आणि ब्रेल स्वरलिपी, म्हणजे बोटांनी वाचायचे उठावदार ठिपके.

ब्रेल स्वरलिपी काय चीज आहे ते जरा पाहा. डोळस वादकाचे दोन्ही हात पियानोवर असतात आणि डोळे कागदावर. ब्रेल वाचणाऱ्याची बोटंच कागदावर अडकलेली. म्हणजे आधी दोन-चार मात्रागट बोटांनी वाचायचे, डोक्यात बसवायचे, मग वाजवायचे, मग पुढचे वाचायचे. असं अख्खं गाणं पाठ करत जायचं. पुढे बँडप्रमुख झाल्यावर तो ट्रम्पेटनं काय वाजवायचं, सॅक्सोफोननं काय, हे स्वरन्‌स्वर तोंडी सांगून सहकाऱ्याकडून लिहून घ्यायचा. याला 'न शिकता' म्हणायचं असेल तर शिकणं म्हणजे काय ते एकदा ठरवावं लागेल. शिवाय सुरुवातीची कित्येक वर्षं तो चक्क नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राऊन या तेव्हाच्या लोकप्रिय गायक-पियानोवादकांची नक्कल करत होता. सिएटलला जाऊन त्रिकूट बांधलं, 1949 मध्ये पहिली रेकॉर्ड आली, ती ऐका. आवाज त्याचा, ढब कोलची.

आता बंदी. ढकलपत्राचा सगळा जीव इथंच आहे, आणि घोळही.

15 मार्च 1961 ला ऑगस्टा शहरातल्या बेल ऑडिटोरियममध्ये त्याचा कार्यक्रम ठरला होता. खाली नाचायच्या जागेवर फक्त गोरे, कृष्णवर्णीयांनी वर गॅलरीत बसून बघायचं, अशी व्यवस्था. शहरातल्या पेन कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तार पाठवून ही गोष्ट त्याच्या कानावर घातली. त्यानं कार्यक्रम रद्द केला आणि गाव सोडलं. आपल्या आत्मचरित्रात त्यानं हा प्रसंग मिस्कीलपणे सांगितलाय: विभागणीला माझी हरकत नव्हती, फक्त तुम्ही ती उलटी केलीत, माझी माणसं माझ्याजवळ खाली हवीत, असं त्यानं आयोजकाला सुनावलं. करार मोडला म्हणून आयोजक कोर्टात गेला. 14 जून 1962 ला अटलांटात फुल्टन काउंटीच्या न्यायालयानं त्याला 757 डॉलर भरायला लावले.

संपलं. ठराव नाही, हुकूम नाही, आजन्म काही नाही. ऑक्टोबर 1963 मध्ये त्याच बेल ऑडिटोरियममध्ये तो वाजवून गेला, आणि तेव्हा प्रेक्षकांत वर्णानुसार फाळणी नव्हती. बंदीचा प्रसंग आला 2004 च्या 'रे' या चित्रपटातून. तो पडद्यावर आला तेव्हा रेला जाऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. रेची भूमिका करणाऱ्या जेमी फॉक्सला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि अभिनय खरोखरच अफाट आहे, म्हणूनच प्रसंगही खरा वाटतो.

'मग काय बिघडलं, भावना तर खरी आहे ना?' असं ग्रुपवर एकानं विचारलंच. बिघडतं ते असं. बंदीच्या गोष्टीत एक शूर कलाकार आणि एक दुष्ट सरकार उरतं. तार पाठवणारी पोरं गायब होतात. आणि वर्णभेद चालायचा कसा, तेही झाकलं जातं. कलाकाराला धडा शिकवायला विधिमंडळ भरवायची गरजच नव्हती. साधा करार आणि साधा दावा पुरे होता. रे स्वतः त्या व्यवस्थेत वाढला होता. त्याच्या शाळेत गोरी अंध मुलं आणि काळी अंध मुलं वेगळी ठेवत. एकमेकांचा रंग न दिसणाऱ्यांची रंगावरून फाळणी! 1961 च्या आधी दक्षिणेत असे विभागलेले कार्यक्रम त्यानंही वाजवले होते. त्या दिवशी नाही म्हणाला, कारण कुणीतरी विचारलं. मला तरी ही गोष्ट जास्त मोठी वाटते.

राहिलं ते गाणं. 'जॉर्जिया ऑन माय माइंड' त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. चाल होगी कारमायकेलची, शब्द स्टुअर्ट गोरेलचे, आणि कारमायकेलनं ते ध्वनिमुद्रित केलं सप्टेंबर 1930 मध्ये, म्हणजे रे जन्मला त्याच महिन्यात. रेची आवृत्ती 1960 ची. ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, ऑगस्टाच्या प्रसंगाच्या काही महिने आधी. त्याच्या ज्या 'आय गॉट अ वुमन' गाण्यानं रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतात चर्चची आर्तता घुसवली, तेही 1954 मध्ये अटलांटाच्याच एका रेडिओ केंद्रात मुद्रित झालं होतं. जॉर्जियाशी त्याचं येणं-जाणं इतकं जुनं होतं.

7 मार्च 1979 ला तो विधिमंडळासमोर ते गाणं गायला आणि 24 एप्रिलला ते अधिकृत राज्यगीत झालं. बंदीच नव्हती, तेव्हा ती उठवणार कोण? त्या दिवशी सभागृहात पियानोवर बसलेला माणूस निमंत्रित पाहुणा होता.