बढती नसलेलं एक काम

आमच्या क्षेत्रात सध्या अप्रेझलचा हंगाम आहे. कोणाला कोणतं रेटिंग, किती टक्के वाढ, कोणाची बढती हुकली, याशिवाय कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. यंदा वरच्या जागेसाठी मी नाव दिलं नाही. तेव्हापासून लोक काळजीने विचारतायत, "का गं, घरी सगळं बरं आहे ना?" बाई आजारी असेल, सासरी काही बिनसलं असेल, दुसरीकडे ऑफर असेल, असं सगळं लोकांना सुचतं. हिला आहे ते पुरेसं वाटत असेल, हे मात्र कोणालाच सुचत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला माझं काम आवडतं आणि पगारही आवडतो. नोकरी सोडून गावाकडे चला, असलं काही मी सांगणार नाही. पण नोकरीतल्या यशाचं माप कायम दुसऱ्याच्या हातात असतं. टीममधल्या सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी बेल कर्व्ह (म्हणजे ठरावीक जणांनाच वरचं आणि काहींना खालचं रेटिंग द्यायची पद्धत) बसवायला कोणाला तरी खाली ढकलावंच लागतं. ते खाली ढकलणं मी मॅनेजर म्हणून केलंय. चांगल्या पोराला समोर बसवून 'यंदा जमलं नाही' सांगताना त्याचा चेहरा कसा उतरतो, ते पाहिलंय. आपण माणूस म्हणून किती मोलाचे, हे त्या तक्त्यावरून ठरवायचं असेल तर 'पुरे' म्हणायची वेळ कधी येणारच नाही. वरच्या पायरीवरही तोच तक्ता असतो.

अशा वेळी मला नाशिकजवळच्या देवळालीचे गणितवेडे कापरेकर मास्तर आठवतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवलं. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. शाळा सुटली की हा माणूस आकड्यांत रमायचा.

कागद-पेन घ्या, गंमत दाखवते. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा करा: ३०८७. आता याचंही तसंच करा: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ वर हाच प्रयोग केला की ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! कोणतीही संख्या घ्या (मध्ये उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून चार अंक करा), जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन पोचता. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा रात्री जेवण बाजूला ठेवून संख्यांमागून संख्या घेत बसले होते.

हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुष्कळ गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. १९७५ मध्ये गणिताची गोडी लावणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते, निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती. इतकी वर्षं कौतुकाची वाट बघत कोणी आकडेमोड करत बसत नाही. त्यांना ती करण्यातच सगळं मिळत होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता याची दुसरी बाजू. निवृत्तीनंतर मास्तरांना पेन्शन पुरेना, म्हातारपणी शिकवण्या घ्याव्या लागल्या. हे मला फार लागतं. म्हणून ज्याची महिन्याची तोंडमिळवणी होत नाही त्याला समाधानाचे डोस पाजणं मला क्रूर वाटतं. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापकाने कायम नोकरीसाठी भांडलंच पाहिजे. मी बोलतेय ते माझ्यासारख्यांशी. गृहकर्ज फिटलंय, मुलांच्या फीची सोय आहे, आजारपणाची तरतूद आहे, तरी धाप लागेपर्यंत धावतोय, अशांशी.

आणि हे आपण मुलांपर्यंतही पोचवतोय. मुलगी चित्र छान काढते म्हटलं की लगेच एलिमेंटरी, इंटरमिजिएटचा फॉर्म, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण जरूर घ्यावेत, त्यात काही वावगं नाही. पण दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर टाकली तरी घरात कोणाला चुटपुट लागत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी मोडी, म्हणजे पूर्वी मराठी जिच्यात लिहीत ती जुनी लिपी, वाचते. रीतसर वर्ग करून शिकले. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका पानावर कधीकधी अख्खा रविवार जातो. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या घरचा जमाखर्चाचा कागद वाचला. तेल, गूळ, ज्वारी, आणि मध्येच सुईणीला दिलेलं लुगडं. त्या घरात तेव्हा कोणीतरी जन्मलं होतं! ते उलगडलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. हे मला रेझ्युमेत घालायचं नाही, यावर चॅनेल काढायचं नाही. पेशवे दफ्तरातले, म्हणजे पुण्यातल्या पेशवेकालीन कागदांच्या संग्रहातले, रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) अजून वाचायचे पडलेत, म्हणजे काम कधी संपणारही नाही.

तुमच्याकडे जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात मोडी कागद पडले असतील तर स्वच्छ उजेडात, कागद सपाट ठेवून फोटो काढा आणि मला इनबॉक्समध्ये पाठवा. लॅमिनेशन मात्र करू नका, कागद कायमचा खराब होतो. वाचून देईन. वेळ लागेल, पैसे घेणार नाही.