बदाम वाकडे आलेत, पण स्टिकर नाही लावणार

ताई, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण घाईत काहीतरी लिहून टाकायचं नव्हतं म्हणून आज दुपारी भांडी आवरून निवांत लिहून राहिली आहे. तुमचं म्हणणं असं की १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन डेसाठी मी दाखवलेल्या नेल आर्टमधले बदाम (म्हणजे हार्ट) वाकडे आहेत, त्यापेक्षा नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून स्टिकरचं पाकीट आणलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, आणि माझं वाचून तुम्ही दोन तास घालवले तर टॉप कोट (सगळ्यात शेवटी लावायचा पारदर्शक थर) लावल्याबरोबर लाल रंग पांढऱ्यावर ओढला गेला न सगळं गुलाबी झालं. शिवाय हा आपला सण तरी आहे का, असंही तुम्ही विचारलं.

रंग ओढला गेला ते आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. मी लिहिलं होतं की बोट लावून बघा, चिकटलं नाही की टॉप कोट लावा. हे अर्धवट सांगणं झालं. नेलपेंट सुकतं म्हणजे त्यातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रव) उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो, पण दुधावर साय धरते ना तसंच होतं, वरून कोरडं लागतं आणि खाली ओलंच असतं, आणि बदामाचा ठिपका तर सगळ्यात जाड, त्यामुळे तो सगळ्यात उशिरा सुकतो. टॉप कोटमध्येही सॉल्व्हंट असतंच, त्यानं तो ओला ठिपका पुन्हा विरघळतो आणि ब्रशसोबत ओढला जातो. तुम्ही पंखा फुल ठेवला होता म्हणता, आपल्याकडे फेब्रुवारीतच दुपारी गरम व्हायला लागतं त्यामुळे समजू शकते, पण त्या वाऱ्यानं साय अजूनच लवकर धरते आणि कधीकधी बुडबुडेही येतात. म्हणून पांढऱ्याचे दोन पातळ हात द्या, मध्ये थांबा, बदाम काढून झाले की निदान पंधरा-वीस मिनिटं हात तसेच ठेवा, आणि टॉप कोटचा ब्रशवर चांगला मोठा थेंब घेऊन तो थेंबच पुढे ढकलत न्या, ब्रशचे केस नखाला टेकू द्यायचे नाहीत. एकदा फिरवलं की परत त्याच जागी जायचं नाही. पोस्टमध्येही हे आता दुरुस्त केलं आहे.

भांडी घासून दुसऱ्याच दिवशी रंगाचे कोपरे उडाले असंही तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण वेगळं. नख पाणी पितं, फुगतं, सुकलं की परत आकसतं, आणि वरचा रंग तसा आकसत नाही. रंग लावायच्या आधी हात भिजवू नका, रिमूव्हरच्या कापसानं नखावरचं तेल पुसून घ्या (गॅसजवळ बसून अजिबात नाही, ते पेट घेतं), आणि टॉप कोट नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवा. माझं तरी यानं चार-पाच दिवस टिकतं.

आता वाकडेपणा. गोल डोक्याची टाचणी खोडरबरात खोचायची, शेजारी शेजारी दोन ठिपके द्यायचे आणि ओले असतानाच टूथपिकनं दोन्ही खाली एका टोकात ओढायचे, झाला बदाम. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या कुठल्याही बाईला हे जमतं. पण डाव्या हातानं उजवा हात रंगवताना ठिपका सरकतोच, आणि फोटोत तुम्हाला वाकडे दिसले ते सगळे उजव्याच हातावरचे आहेत. ते मी काढलेच नव्हते ताई. ते माझ्या नवऱ्यानं काढले. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नेलपेंटचा ब्रश धरला, माझा हात उशीवर ठेवून पाऊण तास एकेक बोट धरून बसला, फोन वाजला तरी उचलला नाही. अंगठ्यावरचा बदाम तर पानासारखा झाला, तो पुसून नीट काढू का म्हणून त्यानं दोनदा विचारलं, मी नाही पुसू दिला. संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलो तेव्हा तोच हात त्याच्या हातात होता. स्टिकर वाईट नाहीत, लग्नाला जायची घाई असेल तर मीही लावते, पण हे स्टिकरनं झालं नसतं, म्हणून ते बदाम मी फोटोत मुद्दाम तसेच ठेवले.

आणि सण आपला का, तर हात रंगवणं आपलंच आहे ना. माझ्या आजीच्या नखांवर मेंदी चढायची ती धुऊन जायचीच नाही, नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, त्यासोबत तो रंग हळूहळू पुढे सरकत जायचा आणि मी तो बघत बसायची. तुम्ही १४ तारखेऐवजी लग्नाच्या वाढदिवसाला करा, काहीच हरकत नाही.

परत कराल तेव्हा आधी लाल बाटली बघून घ्या, तार सुटत असेल तर रंग घट्ट झालाय, त्यात रिमूव्हर ओतू नका, नेलपेंटच्या थिनरचे दोन थेंब पुरतात. आणि उजवा हात घरातल्या कुणाकडे तरी द्या, फोटो मला नक्की पाठवा.